अप्पांसाठी इको घ्यायचा होता

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. घरात कॅरीबॅगा साठतात तसे ते साठतात. फेकायला जीव होत नाही, उपयोग काही नसतो, आणि एक दिवस कपाटाचं दार उघडलं की सगळ्या अंगावर येतात. आमच्या शनिवारच्या बैठकीचे किस्से मी असेच सांगत असतो. टपरीवर, एसटीत, कोणी विचारलं तर आणि न विचारलं तरी. लोक हसतात. हसण्यासारखेच आहेत. सांगताना मी हसत नाही, एवढंच.

आधी माणसं सांगतो. फार नाहीत, चारच.

अप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. पेटी वाजवायचे आणि गायचे. चौथीत त्यांनी मला शिकवलं, म्हणजे मुख्यतः मारलं. माधवकाका तबल्यावर. भोकरदनपासून पाच किलोमीटरवर त्यांची शेती, आणि गुरांच्या बाजारात भाव पाडून घेण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. पारसशेठ बारदान्याचे व्यापारी. पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठ मराठी आमच्यापेक्षा चांगली बोलतात आणि टाळ आमच्यापेक्षा वाईट वाजवतात. बैठक त्यांच्याच दुकानामागच्या खोलीत. चहा त्यांचा, वीज त्यांची.

चौथा मी. संभाजीनगरला इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं आणि घरी आलो. आता मोबाइल, लॅपटॉप दुरुस्त करतो, लग्नात साउंड बघतो. हे तिघं मला 'इंजिनियर' म्हणतात. प्रेमानं नाही.

*

ती खोली समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

रिकाम्या पोत्यांचे गठ्ठे, तीन भिंतींना, छतापर्यंत. पोतं आवाज खातं. त्या खोलीत टाळी वाजवली तर ती हातातच मरते. अप्पा म्हणायचे, "इथं गाणं म्हंजे उशीत तोंड घालून बोलणं."

मी एकदा म्हणालो, गठ्ठे बाहेर काढा, आवाज आपोआप घुमेल. पारसशेठ म्हणाले, "सोयाबीन येईपर्यंत बारदाना हलत न्हाई भाऊ. भिजला तर तू घेशील का?" विषय संपला.

श्रावणात अप्पांचा आवाज बसला. सगळ्यांना वाटलं सर्दी. मग दोनदा संभाजीनगरला जाऊन आले. एका शनिवारी भजन झाल्यावर पेटीचा भाता बंद करत म्हणाले, "गळ्यात गाठ हाय. स्वरयंत्रच काढायचं म्हणून राह्यले डॉक्टर. त्याच्यानंतर बोलणं बंद."

माधवकाका तबल्यावरची पावडर पुसत बसले.

"तारीख दिली," अप्पा म्हणाले. "आपले पाच शनिवार ऱ्हाईले."

चाळीस वर्षं हा माणूस गातोय आणि त्याच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग कुठं नाही. पारसशेठांचे डोळे भरले. म्हणाले, "गुरुजी, रेकॉर्डिंग करू. बिलकुल करू. पण करायचं तर चांगलं करू. ह्या खोलीत असं कोरडं कोरडं न्हाई. आधी एखादी इकोची मशीन घेऊ. स्वस्तातली, पण चांगली."

आमच्या तालुक्यात जेवढी कामं अडली आहेत, त्यातली निम्मी ह्या 'पण करायचं तर चांगलं'नं अडली आहेत. उरलेली निम्मी स्वस्तात करायच्या नादात. आम्ही दोन्ही एकदम धरलं.

*

पहिल्या शनिवारी माधवकाकांनी मंडपवाल्याचा ॲम्प्लिफायर आणला. त्यावर एक बटण, खाली लिहिलेलं 'इको'. आमच्याकडं लग्न असो, कीर्तन असो, नाहीतर सरपंचाचं भाषण, ते बटण कायम शेवटपर्यंत फिरवलेलं असतं. आवाज जितक्या वेळा परत येईल तितका माणूस मोठा.

मी शाळेत शिकवतात तसं समजावलं. "काका, विहिरीत हाक मारली की ती परत येते, तो इको. गाभाऱ्यात नुसतं 'हं' म्हटलं तरी ते रेंगाळतं, तो रिव्हर्ब. गाण्याला रेंगाळणारा लागतो. परत येणारा घेतला तर सगळं एकमेकावर पडेल."

"इहीर तर माझ्याकडं बी हाय," माधवकाका म्हणाले. "तू बटण फिरव."

अप्पा माइकमध्ये म्हणाले, "राम." माधवकाका बोटं मोजायला लागले.

"सात येऊन राह्यले. मंडपवाल्याकडं दुसरा हाय, त्याच्यात अकरा येतेत. तो आणू का?"

मी म्हणालो, आधी ह्यात गाऊन तर बघा. अप्पांनी भजन सुरू केलं. माइक तबल्याजवळ, त्यामुळं तबल्याचा ठोकाही मशीनमधून जरा उशिरा परत यायचा. तो आला की माधवकाका त्याच्यासाठी थांबायचे. ते थांबले की पुढचा ठोका आणखी उशिरा परत यायचा. काका आणखी थांबायचे. दहा मिनिटांत लय इतकी खाली आली की भजन जागेवर उभं राहिलं.

अप्पांनी पेटी थांबवली. "माधवा, तू साथ कोणाला करून राह्यला?"

माधवकाकांनी ॲम्प्लिफायरकडं बोट केलं. "तो मागं पडून राह्यला अप्पा. एकट्याला सोडून कसं जावं?"

एक शनिवार गेला.

*

दुसऱ्या शनिवारी पारसशेठ जालन्याहून एक माइक घेऊन आले. त्याच्याच पोटात स्पीकर, त्याच्याच अंगावर लाल-निळे दिवे. वाढदिवसाला पोरं नाचतात तसला. "ह्याच्यात सगळंच हाय," शेठ म्हणाले. "दुकानदार म्हन्ला, आवाज एकदम हॉलसारखा येतो."

हॉलसारखा म्हणजे टाकीत डोकं घातल्यासारखा येत होता. पण ते सोडा. त्यावर एक बटण होतं, कशाचं ते कोणाला माहीत नव्हतं. अप्पा भजनाचं ध्रुपद म्हणून समेवर आले आणि त्यांचा अंगठा त्या बटणावर पडला. एकदम टाळ्यांचा कडकडाट. हजार-दोन हजार माणसं बसल्यासारखा.

अप्पा दचकले. माइककडं बघितलं. पुन्हा दाबलं. पुन्हा टाळ्या.

"चाळीस वर्षं गाऊन राह्यलो," अप्पा म्हणाले. "एवढ्या लोकांनी कधी वाजवल्या न्हाईत."

मग प्रत्येक अंतऱ्याला दाबायला लागले. मी म्हणालो, असू द्या, ह्याच्यावरच रेकॉर्ड करून टाकू, निदान काहीतरी हाताशी राहील. पारसशेठ ऐकेनात. "टाळ्या आल्या ना त्याच्यात. उद्या कोणी विचारलं की एवढे लोक कुठं बसले व्हते, तर गुरुजींनी काय सांगावं? खोटं काम नको."

निघताना अप्पांनी न गाताच एकदा ते बटण दाबलं.

*

तिसऱ्या शनिवारचा किस्सा माझ्यावरच आहे, पण सांगतो.

मी ऑनलाइन एक पेडल मागवलं. गिटारवाले वापरतात ते. हाताच्या पंजाएवढी लोखंडी डबी, वर तीन बटणं, खाली पायानं दाबायची खिट्टी. स्वस्त आणि खरोखर चांगलं. घरी गाणाऱ्या माणसाला ह्याच्यापेक्षा जास्त काही लागत नाही. शेठकडच्या साउंडच्या मिक्सरला जोडलं, हळू आवाजात 'हॉल'चा रिव्हर्ब लावला, अप्पांनी नुसता सा लावला आणि त्या पोत्यांच्या खोलीला पहिल्यांदा उंची आली. मला वाटलं, झालं काम.

"आता गाण्याआधी खिट्टी दाबायची," मी म्हणालो. "बोलताना पुन्हा दाबून बंद करायचं. पायानं. कारण हात पेटीवर असतात."

अप्पांनी डबीकडं बघितलं. "पायानं?"

"हो."

"वाद्याला पाय लावू?"

"अप्पा, ते वाद्य नाहीये. डबी आहे."

"आवाज काढते का न्हाई? मंग वाद्य."

आमच्याकडं पेटीला चुकून पाय लागला तर माणूस वाकून तिला हात लावतो आणि कपाळाला लावतो. हे मला माहीत होतं. लहानपणापासून मीही करतो. पण पेडल मागवताना डोक्यात आलं नाही.

पारसशेठांनी आतून पाट आणला. डबी पाटावर ठेवली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. माधवकाकांनी उदबत्ती लावली. आता हातानं दाबायचं ठरलं. अप्पांनी दाबायला हात काढला की पेटी बंद पडायची. माधवकाका म्हणाले मी दाबतो, तर ठेका तुटायचा. मग शेठ म्हणाले मी दाबतो. ते भजनात डोळे मिटून बसतात. त्यांना खिट्टी आठवायची तोवर भजन संपून चहाबद्दल बोलणं चालू व्हायचं, आणि तो चहा गाभाऱ्यातून मागितल्यासारखा घुमायचा.

शेवटी मी वैतागून म्हणालो, "मी पायानं दाबतो. मला लागू द्या पाप."

तिघांनी माझ्याकडं बघितलं. अप्पा शांतपणे म्हणाले, "तुझं शिक्षण का सुटलं, ते आज कळालं."

पेडल परत पाठवायचं ठरलं. न्यायला आलेल्या माणसानं खोका उघडला. बटणांच्या फटीत हळद बसलेली, खिट्टीवर कुंकू. म्हणाला, वापरलेला माल परत होत नाही.

पारसशेठ म्हणाले, "वापरला कुठं? पूजाच केली फक्त."

*

त्याच आठवड्यात कळलं की जाफराबादला एकाकडं जुनी रिव्हर्बची मशीन आहे. पूर्वी त्याचा ऑर्केस्ट्रा होता. ऑर्केस्ट्रा बुडाला, आता पिठाची गिरणी आहे. मी, अप्पा आणि माधवकाका काळीपिवळी जीपमध्ये बसून गेलो. अप्पा खिडकीजवळ, तोंडावर रुमाल. खोकला वाढला होता.

गिरणीवाल्यानं माळ्यावरून मशीन काढली. पीठ झटकलं. चांगली लांबलचक, काळी, पूर्वीची बनावट. गिऱ्हाइकं डबे घेऊन उभी होती, त्यांना म्हणाला "दोन मिनटं", आणि गिरणी बंद केली. माइक जोडला. अप्पांच्या हातात दिला.

अप्पांनी एक ओळ म्हटली. एकच.

काय सांगू. आवाज बसलेलाच होता, कडा झिजलेल्या होत्या. पण तो त्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहिला आणि थांबून राहिला. डबेवाल्या बाया बोलायच्या थांबल्या. एकीनं पदर नीट केला. इतके दिवस मी अप्पांच्या आवाजाकडं मशीन तपासायचं साधन म्हणून बघत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मग माधवकाकांनी विचारलं, "कितीला?"

गिरणीवाल्यानं सांगितलं. काकांनी निम्म्याला मागितली.

"काका, आत्ता तुम्हीच ऐकलं ना."

"ऐकलं म्हणूनच सांगून राह्यलो. आवाज आमचा व्हता, डब्बा तुझा."

गिरणीवाल्यानं गिरणी चालू केली. माधवकाका पाठ फिरवून चालायला लागले. बाजाराची रीत अशी की पाठ फिरवली की समोरचा हाक मारतो. पंधरा पावलं गेले, हाक आली नाही. स्टँडपर्यंत गेले, हाक आली नाही. काळीपिवळीत बसल्यावर म्हणाले, "पयल्या भावात म्हैस बी घेत न्हाई आपण. आठ दिवसांत त्याचाच फोन येतो का न्हाई बघ."

अप्पा एवढंच म्हणाले, "मशीन चांगली व्हती."

अप्पा गात होते तेव्हा माझा मोबाइल खिशात होता. मीही काढला नाही. मीही इथलाच.

*

चौथ्या शनिवारी माझं डोकं फिरलं.

मी म्हणालो, "मशीन गेली खड्ड्यात. अप्पांचा आवाज आज असाच कोरडा रेकॉर्ड करू. खरं म्हणजे कोरडाच करायचा असतो. ही पोत्यांची खोली त्यासाठी लाखात एक आहे. रिव्हर्ब नंतर टाकता येतो, कॉम्प्युटरवर, पाहिजे तेवढा, फुकट."

"नंतर?" पारसशेठ म्हणाले. "जेवण झाल्यावर फोडणी टाकतो का कोणी?"

"टाकता येते शेठ. दाखवतो."

मोबाइल सुरू केला. नेमके माधवकाका खोकले. मी तोच खोकला लॅपटॉपवर घेतला, मोठा हॉल लावला आणि ऐकवला. माधवकाका एखाद्या भल्या मोठ्या देवळात खोकत होते. खोकला खांबाखांबाला लागून परत येत होता.

माधवकाकांना तो फार आवडला. दोनदा ऐकला. "मीच का हा?"

"बघा," मी म्हणालो. "असंच भजनाचं होतं."

पारसशेठांनी मान हलवली. "खोकल्याला चालतंय. खोकला काय, कसाबी चालतो. भजनाचं असं मागून लावलेलं बराबर न्हाई."

मी अप्पांकडं बघितलं. म्हणालो, "तुम्ही सांगा ह्यांना. तुमचा आवाज आहे."

अप्पा पेटीच्या पट्ट्यांवर नुसती बोटं फिरवत होते. म्हणाले, "कोरडं नको."

"का पण?"

"ऐकलाय मी माझा कोरडा आवाज. नातीच्या मोबाइलमधी. मंग पुसायला लावला तिला. तो माझा न्हाई. त्यात फक्त गाठ वाजते."

मला तेव्हा कळलं. चार आठवडे आम्ही मशीन शोधत नव्हतो, पांघरूण शोधत होतो. शेठला कळलं असेल, काकांना कळलं असेल, म्हणून तर ते वेळ काढत होते. म्हातारी माणसं एकमेकांची लाज अशी सांभाळतात, आणि ती सांभाळता सांभाळता जे वाचवायचं तेच घालवतात. हे सगळं मी नीट, हळू सांगू शकलो असतो. मी तसा नाही.

मी म्हणालो, "अप्पा, इकोनं गाठ झाकत नसते."

खोलीत काहीच घुमलं नाही. ती खोलीच तशी. शब्द पडला तिथंच पडून राहिला.

मी लॅपटॉप बंद केला आणि निघून आलो. मागून कोणी हाक मारली नाही.

*

पाचव्या शनिवारी मी गेलोच नाही.

संध्याकाळी फोन वाजला. पारसशेठ. मी बघत राहिलो, वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा माधवकाका. चौथ्यांदा पुन्हा शेठ. मी पलंगावर पडून छताकडं बघत होतो. मनात म्हणालो, आता आठवण आली इंजिनियरची.

काय झालं ते नंतर कळलं. बुधवारी माधवकाका कोणाला न सांगता एकटेच जाफराबादला गेले होते आणि ती मशीन घेऊन आले होते. सांगितलेल्या भावात. जन्मात पहिल्यांदा. गिरणीवाल्यानं कमी करतो म्हटलं तर म्हणाले, ऱ्हाऊ दे.

शनिवारी मशीन पाटावर ठेवली. पण तिच्या मागच्या पिना वेगळ्या आणि शेठच्या मिक्सरच्या वायरी वेगळ्या. तिघांनी मिळून तासभर खटपट केली. पाच मिनिटांचं काम. माझ्या बॅगेत ती वायर होती.

मग अप्पा म्हणाले, जाऊ द्या. पेटी ओढली आणि गायला बसले. माइक नाही, मशीन नाही. दीड तास गायले म्हणे. मधे पाणी पिण्यापुरते थांबायचे. पारसशेठ म्हणतात, वीस वर्षांत असं गायले नव्हते. म्हणतात, आवाज शेवटी शेवटी मोकळा झाला होता.

मी विचारलं, "रेकॉर्ड केलं?"

शेठ आणि काका एकमेकांकडं बघायला लागले.

"तिघांच्या खिशात तीन मोबाइल होते ना?"

माधवकाका खाली बघत म्हणाले, "मशीन चालू न्हवती ना."

मला खूप बोलायचं होतं. तोंडात आलंही होतं. पण चार फोन मी मोजलेले होते.

*

ऑपरेशन झालं. पार पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

पंधरा दिवसांनी अप्पांच्या सुनेचा मला फोन आला. म्हणाली, "भाऊजी, माझ्या मोबाइलमधी मामंजींचा आवाज सापडला. आवाज बसायच्या आधीचा हाय. तुम्ही म्हणे काही करता."

तिनं पाठवला. बाजारात गेलेल्या सुनेला अप्पांनी पाठवलेला निरोप. दहा-बारा सेकंद.

"येताना मेथी आण. पालक नको. आन् कोथिंबीर बघून घे गं, मागच्या टायमाला पिवळी निघाली व्हती."

बस. चाळीस वर्षांच्या गाण्यातून राहिलं ते हे.

मी तो लॅपटॉपवर घेतला. मागं गाडीचा आवाज होता, तो काढला. हॉल लावला. गाभाऱ्यातून कोणीतरी मेथी मागत होतं.

शेठच्या दुकानात नेऊन दोघांना ऐकवला. पारसशेठांनी भजनात मिटतात तसे डोळे मिटून घेतले. ऐकून झाल्यावर बराच वेळ उघडले नाहीत. म्हणाले, "आता बराबर झालं. आता चांगलं झालं."

माधवकाका म्हणाले, "पुन्हा लाव." पुन्हा लावला. "कोथिंबिरीपाशी जरा जास्त होऊन राह्यलं. तिथं कमी कर."

आणि मी बसून कमी केलं.

*

सोयाबीन सुरू झालं तसा बारदाना उठला. खोली पार मोकळी झाली. चपला काढल्या तरी घुमायचं. मशीनची काही गरज उरली नव्हती. तरी पारसशेठांनी ती पाटावर ठेवलेली होती आणि मी येऊन ती जोडून दिली होती, कारण आता ती होती.

एका शनिवारी अप्पा आले. कोणी बोलावलं नव्हतं. बैठकीची वेळ झाली आणि दारात उभे. निम्मे झाले होते. गळ्याला पांढरा कपडा बांधलेला, काखेत शाळेतली पाटी, खिशात पेन्सिल. आता ते पाटीवर लिहून बोलतात. अक्षर अजून तसंच, फळ्यावर होतं तसं. माझ्याकडं बघून त्यांनी लिहिलं, "बस." मी बसलो.

पेटीपुढं बसले. पारसशेठ गडबडले. सवयीनं त्यांनी माइकचा स्टँड अप्पांच्या तोंडासमोर आणला, मग आपण काय केलं ते कळून तिथंच थिजले. तो काढावा की ठेवावा हे त्यांना कळेना. मशीन चालू होती. दिवा लागलेला.

अप्पांनी स्टँडवरून माइक काढून हातात घेतला. तोंडाजवळ नेला. थांबले. मग दुसऱ्या हातानं गळ्याचा कपडा बाजूला केला. तिथं एक भोक आहे, तिथूनच आता ते श्वास घेतात. माइक त्या भोकाशी धरला.

स्पीकरमधून श्वास आला. आत गेला. बाहेर आला. मशीननं तो लांबवला, मोकळ्या खोलीनं आणखी लांबवला. आधीचा विरायच्या आत पुढचा यायचा. पारसशेठांच्या हातात टाळ होते, ते त्यांनी आवाज न करता मांडीवर ठेवले. मी मोबाइल काढला आणि सुरू केला. अप्पांनी ते बघितलं. नको म्हणाले नाहीत.

असे बराच वेळ श्वास घेत राहिले. गायच्या आधी माणूस गळा तापवतो, तसे. मग माइक मांडीवर ठेवला, पाटी घेतली, लिहिलं आणि माधवकाकांकडं वळवली.

"पट्टी कोणती लागली?"

माधवकाकांनी वाचलं. अप्पांनी माइक पुन्हा गळ्याशी धरला. काकांनी मान तिरकी करून थोडा वेळ ऐकलं. मग हातोडी उचलली आणि तबला त्या श्वासाच्या सुराला उतरवायला बसले.